टीव्ही गावात, कोड जर्मनीत

अमरावती जिल्ह्यात, दर्यापूर तालुक्यातल्या आमच्या घरी गेल्या दिवाळीपासून एक वाद चालू आहे आणि त्यात मला पंच नेमले आहे. धाकट्या भावाचे म्हणणे असे, की स्लॅबवरची डिश आता उतरवावी, दर महिन्याचा रिचार्ज बंद करावा, केबलवाल्याने गावात नव्याने आणलेली फायबरची जोडणी घ्यावी आणि मालिका, बातम्या, क्रिकेट सारे ॲपवरच पाहावे. वडिलांचे म्हणणे एका वाक्याचे आहे : "चालू हाय थे कायले बंद करता?" मी अकरा वर्षे जर्मनीत, श्टुटगार्टजवळ राहतो, तेव्हा या बाबतीत पुढचे काय ते मी पाहून आलो असणार, असा दोघांचाही समज आहे. पाहिले आहे खरे. मात्र जे पाहिले ते भावाच्या उपयोगाचे थोडेच आहे आणि वडिलांच्याही पुरते उपयोगाचे नाही.

जर्मनीत हाच प्रश्न २०२४ मध्ये लक्षावधी भाडेकरूंपुढे तारखेसह येऊन उभा राहिला. तोवर पुष्कळ इमारतींत घरमालक केबलचा एकच करार करी आणि त्याचा खर्च पाणी, कचरा आणि जिन्याची साफसफाई यांच्याबरोबर सगळ्या बिऱ्हाडांवर वाटून टाकी. टीव्ही न पाहणाऱ्याचीही त्यातून सुटका नसे. आमच्या वार्षिक हिशेबात ही रक्कम महिन्याला आठ युरोंच्या आसपास पडत असे, आणि पहिली चार वर्षे तर आमच्याकडे टीव्हीच नव्हता. पुढे दूरसंचार कायदा बदलला, ३० जून २०२४ ही शेवटची मुदत ठरली आणि १ जुलैपासून घरमालकाला हा खर्च भाडेकरूच्या माथी मारता येईनासा झाला. ज्याला केबल हवी त्याने स्वतःच्या नावावर करार करावा, नको असेल त्याने डिश, अँटेना किंवा इंटरनेट यांतले काही निवडावे, असे झाले. त्या वसंतात दारोदार विक्रेते फिरत होते. आमच्या खालच्या मजल्यावरच्या ऐंशीच्या आजींना एकाने "सही केली नाही तर सोमवारी पडदा काळा पडेल" असे सांगून दोन वर्षांच्या करारावर सही करायला लावली होती. तो रद्द करून घेताना माझ्या मोडक्यातोडक्या सरकारी जर्मनची चांगलीच परीक्षा झाली.

आम्ही केबल सोडली आणि त्याचा पश्चात्ताप झाला नाही. सार्वजनिक प्रसारणासाठी इथे प्रत्येक घराला महिन्याला १८.३६ युरो द्यावे लागतात, घरात टीव्ही असो वा नसो. त्या वाहिन्या त्यांच्याच ॲपवर वेगळे पैसे न भरता दिसतात. इंटरनेट घरात होतेच. वीज गेल्याचे प्रसंग अकरा वर्षांत हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. म्हणजे निर्णय सोपा होता, कारण त्याच्याखालची सगळी जमीन आधीच तयार होती. भावाने हीच गोष्ट वडिलांना माझ्या नावाने ऐकवली, "दादानंही केबल काढलीच ना", आणि तिथे मला त्याला थांबवावे लागले.

गावातली जमीन वेगळी आहे. फायबरची तार विजेच्या खांबांवरून झोळ खात आली आहे, आणि फेब्रुवारीत तुरीच्या कुटाराने, म्हणजे भुशाने, उंचच उंच भरलेला ट्रॅक्टर त्या गल्लीतून गेला की ती हमखास तुटते. मग केबलवाल्याचा पोरगा तालुक्याहून येईपर्यंत तीन-चार दिवस सारे बसून राहतात. वीज गेली तर आमचा इन्व्हर्टर टीव्ही आणि राउटर दोन्ही चालवू शकेल, पण चौकातल्या खांबावरच्या पेटीला बॅटरी नाही. ती पेटी मेली की आमचा राउटर दिवे लुकलुकत ठेवण्यापलीकडे काही करणार नाही. डिशचे तसे नाही. तिला गावातल्या कोणाचीच गरज नसते; इन्व्हर्टरवर टीव्ही आणि सेट-टॉप बॉक्सचा डबा चालला की पुरे. मुसळधार पावसात पंधरा-वीस मिनिटे चित्र जाते, हे कबूल. वावटळीत डिशची छत्री फिरली, तर एकाने स्लॅबवर चढून ती हलवायची आणि दुसऱ्याने खालून "आलं... गेलं... थांब, आलं" असे ओरडायचे, हेही कबूल, पण ही दुरुस्ती घरची माणसे करू शकतात.

राहिला मोबाइलचा नेट. भाऊ म्हणतो, फायबर तुटले तर हॉटस्पॉट आहे. त्याचा पॅक रोज दोन जीबीचा. चांगल्या दर्जाचे चित्र तासाला तीन जीबीपर्यंत डेटा खाऊ शकते. दर्जा उतरवला तर एक जीबीच्या आत भागते, पण मग बेचाळीस इंची पडद्यावर नायिकेचे नाक कुठे संपते आणि ओठ कुठे सुरू होतात ते कळत नाही. आई संध्याकाळी सलग चार मालिका पाहते. भावाचा दिवसाचा पॅक दुसऱ्या मालिकेतच संपेल, आणि त्या मालिका दिवाळीपर्यंत काही संपायच्या नाहीत.

२९ जून २०२४ ची रात्र मी या वादात दोनदा साक्षीला काढली आहे. जर्मनीतली केबलची मुदत संपायला एक दिवस उरला होता. बार्बाडोसमध्ये भारत आणि दक्षिण आफ्रिका यांच्यात टी-ट्वेंटी विश्वचषकाचा अंतिम सामना चालू होता. मी तो इथे ॲपवर पाहत होतो, भाऊ अंगणात मोबाइलवर, आणि वडिलांचा फोन व्हिडिओ कॉल चालू ठेवून ओट्याला टेकवलेला होता. शेजारी डीडी फ्री डिश आहे. शेवटच्या षटकात दक्षिण आफ्रिकेला सोळा धावा हव्या होत्या. माझ्या पडद्यावर हार्दिक पंड्या अजून क्षेत्ररक्षणच लावत होता, तेवढ्यात फोनमधून शेजारच्या घरातला जल्लोष ऐकू आला. भाऊ मोबाइलकडे पाहत ओरडला, "अरे काय झालं?" आणि कुंपणापलीकडून उत्तर आले, "आमच्या इथं मिलर आउट झाला, तुमच्या इथं अजून खेळूनच रायला!" सूर्यकुमारने सीमारेषेवर घेतलेला तो झेल भावाला नंतर दिसला आणि मला सर्वांत शेवटी.

यात दोष कोणाचाच नाही. उपग्रहाचा संकेत छत्तीस हजार किलोमीटर वर जाऊन खाली येतो, तरी त्याला पाव सेकंदच लागतो. ॲपवर मात्र चित्राचे लहान तुकडे करून ते सर्व्हरवरून पाठवतात आणि आपला फोन थोडे तुकडे साठवून मगच दाखवू लागतो, म्हणून अर्धा मिनिट सहज मागे पडतो. शेजाऱ्याला तो सामना फुकट दिसला यामागे २००७ चा कायदा आहे : राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचे प्रक्षेपण खासगी कंपनीला दूरदर्शन चालवणाऱ्या प्रसार भारतीला द्यावे लागते. त्याच रात्री तासाभराने जर्मनीचा संघ डॉर्टमुंडमध्ये डेन्मार्कशी खेळला, विजा आणि गारांमुळे तो सामना मध्येच थांबवावा लागला, आणि तोही सर्वांना खुल्या वाहिनीवर दिसला, कारण राष्ट्रीय संघाच्या अशा सामन्यांसाठी इथेही तसाच नियम आहे. आयपीएल मात्र आपल्या कायद्याच्या यादीत बसत नाही, आणि पोरांना दोन महिने हवे असते ते नेमके आयपीएल. भावाची बाजू तिथे खरी आहे.

वडिलांची बाजूही मी पूर्ण घेत नाही. जी वाहिनी पाहायची तिचेच पैसे, हे तत्त्व आपल्या दूरसंचार नियामकाने २०१९ मध्ये लागू केले, तरी आमच्या डब्यात आजही असा पॅक आहे ज्यातल्या निम्म्या वाहिन्यांची नावेही घरात कोणाला ठाऊक नाहीत. दुकानदाराने सांगितला तो पॅक वडिलांनी घेतला. फ्री डिशचा पर्याय मी सुचवला होता; ती २००४ पासून आहे, छत्री आणि डबा एकदा घेतला की महिन्याचा खर्च नाही, सह्याद्री दिसते. पण आईच्या मालिका तिथे नाहीत, आणि मोठ्या कंपन्यांनी आपल्या हिंदी वाहिन्या तिथून २०१९ मध्ये काढल्या, पुन्हा आणल्या, २०२२ मध्ये परत काढल्या, हा लपंडाव गावाने पाहिलेला आहे. फुकटच्या छत्रीचा भरवसा सामन्यापुरता, असे आई म्हणते.

इतके सगळे हिशेब मी वर्षभर मांडत होतो, आणि खरी अडचण माझीच निघाली. २०२२ च्या दिवाळीत स्मार्ट टीव्ही मीच घेऊन दिला, ॲपची वर्गणी मीच भरली आणि बँकेच्या कामासाठी इथे चालू ठेवलेल्या भारतीय मोबाइल क्रमांकावर खातेही माझ्याच नावाने उघडले. त्यात मला आपण फार सोय केली असे वाटत होते. अधूनमधून ते ॲप आपोआप बाहेर पडते, पुन्हा आत जायला कोड मागते, आणि तो कोड श्टुटगार्टला माझ्या खिशात येतो. आईची मालिका साडेसातला. हिवाळ्यात तेव्हा इथे दुपारचे तीन वाजलेले असतात आणि मी बैठकीत असतो. एकदा वडिलांचे चार मिस्ड कॉल पाहून बाहेर आलो. "थे आकडे पाठव ना लवकर, तुही माय बसून रायली." आकड्यांची मुदत तोवर संपली होती. वर त्यांनी विचारले, की बँकवाले म्हणतात कोड कोणाला सांगू नका आणि तू म्हणतोस मी सांगतो, यात खरे कोण?

या प्रकाराबद्दल त्यांनी कधी तक्रार केली नाही. महिन्याभराने माझ्या मुलीने व्हिडिओ कॉलवर विचारले, की आजी नेहमी बाहेरच का असते, तेव्हा कळले, की डब्यातला मराठी पॅक मीच "दोन-दोनदा पैसे कशाला" म्हणून काढायला लावला होता आणि आई साडेसातला मालिकेसाठी दुसऱ्या एका घरी जाऊन बसत होती. जर्मनीत एका कायद्याने निवड घरमालकाच्या हातून काढून भाडेकरूच्या हाती दिली, म्हणून मी चार लोकांत त्याचे कौतुक करत होतो. आणि इकडे वडिलांच्या घरातली निवड काढून मी स्वतःच्या खिशात घालून बसलो होतो. डिशचा ग्राहक क्रमांक आमच्या दाराच्या मागे खडूने लिहिलेला आहे. वडील तो पाठ म्हणत किराण्याच्या दुकानात जातात, पैसे मोजून देतात, आणि अर्ध्या तासात वाहिन्या आल्या नाहीत तर परत जाऊन दुकानदाराला चार शब्द सुनावतात. भावाला जुनाट वाटणाऱ्या त्या छत्रीचे इतके मोल आहे, हे मला दहा हजार रुपये खर्चून उमगले.

म्हणून पंचाचा निकाल असा दिला आहे. डिश उतरवायची नाही. मराठी पॅक परत टाकायचा आणि नको त्या वाहिन्या नावे विचारून काढायच्या. फायबर भावाने जरूर घ्यावे, पोरांच्या अभ्यासासाठी आणि आयपीएलसाठी, पण या हंगामातले कुटार वाहून झाल्यावर. ॲपचे खाते माझ्या क्रमांकावरून काढून वडिलांच्या क्रमांकावर केले आहे. वर्गणी मी भरीन, कोड त्यांच्याकडे जाईल. भावाला हा निकाल अर्धवट वाटतो.

परवा दुपारी ऐन बैठकीत वडिलांचा फोन आला. त्यांनी सहाही आकडे मला सावकाश, एकेक करून वाचून दाखवले.

"बाबा, ते मला नाही सांगायचे, टीव्हीत टाकायचे."

"मंग तुले कायले फोन करू?" ते म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.