सोमोझाच्या कारखान्यातले पेव्हर ब्लॉक

मी तेहेतीस वर्षं रस्त्यांची कामं केली. त्यामुळे कुठल्याही देशाचा इतिहास वाचायला घेतला की सिमेंट कुणाचं, खडी कुणाची, बिल कुणाच्या नावानं निघालं, इकडे माझं लक्ष आधी जातं. गेले काही महिने मध्य अमेरिकेतल्या निकाराग्वाबद्दल वाचतोय. तिथला हुकूमशहा अनास्तासिओ सोमोझा देबाइले याच्याबद्दल मनात जे साचलंय ते आज लिहून काढतो. लांबेल, पण वाचा.

घराण्याचं थोडक्यात सांगतो. अमेरिकी मरीन, म्हणजे तिथल्या नौदलाच्या जोडीनं लढणारे सैनिक, १९३३ साली निकाराग्वातून परतले आणि जाताना नॅशनल गार्ड नावाचं सैन्य उभं करून गेले. त्याची किल्ली आली याच्या बापाच्या हातात. बापाचंही नाव अनास्तासिओच. मरीनांशी झुंजलेल्या आउगुस्तो सांदिनोला राष्ट्राध्यक्षांनी जेवायला बोलावलं होतं. तो जेवून निघाला आणि त्याच रात्री गार्डनं त्याला धरून गोळ्या घातल्या. तारीख २१ फेब्रुवारी १९३४. तीन वर्षांत बाप राष्ट्राध्यक्ष झाला. १९५६ मध्ये लेऑन शहरात रिगोबेर्तो लोपेझ पेरेझ नावाच्या तरुण कवीनं त्याला गोळ्या घातल्या. मग थोरला मुलगा लुईस गादीवर बसला आणि धाकट्याकडे, म्हणजे आपल्या या अनास्तासिओकडे, बंदुका राहिल्या.

लोक त्याला ताचितो म्हणत, म्हणजे धाकटा ताचो. जन्म १९२५ चा. लहानपणीच शिकायला अमेरिकेत पाठवला, १९४६ ला वेस्ट पॉइंट या तिथल्या लष्करी अकादमीतून पदवी घेऊन परतला. वयाच्या तिशीत एका अख्ख्या देशाचं सैन्य त्याच्या हुकमात होतं. ते त्यानं कमावलं नव्हतं. बापाच्या घरातली कपाटं, गाई, शेतं वाट्याला आली तसंच सैन्यही आलं. या माणसाला समजून घ्यायचं तर माझ्या मते इथूनच सुरुवात करावी लागते. आपण देशाचे नोकर आहोत, असं त्याला वाटावं असा एकही दिवस त्याच्या आयुष्यात आला नसावा. १९६७ मध्ये तो स्वतः राष्ट्राध्यक्ष झाला. त्याआधी जानेवारीत मानाग्वात विरोधकांचा प्रचंड मोर्चा निघाला होता, त्यावर गार्डनं गोळ्या चालवल्या आणि कित्येक माणसं रस्त्यात मेली.

आता २३ डिसेंबर १९७२. मध्यरात्रीनंतर अर्ध्या तासानं मानाग्वाच्या थेट पोटाखाली भूकंप झाला. राजधानीचा मधला भाग भुईसपाट झाला. मेलेल्यांचे अंदाज पाच हजारांपासून दहा हजारांपर्यंत जातात, बेघर अडीच लाखांहून जास्त. त्या वेळी कागदावर ताचितो राष्ट्राध्यक्ष नव्हता. सलग दुसऱ्यांदा उभं राहायला घटनेची आडकाठी होती, म्हणून विरोधकांतल्या एकाला सोबत घेऊन तीन जणांचं मंडळ बसवलं होतं. गार्ड मात्र त्यानं सोडलं नव्हतं. भूकंपानंतर राष्ट्रीय आणीबाणी समिती झाली, तिचा अध्यक्ष तोच, आणि जगभरून येणारी मदत त्याच्या हातून जाऊ लागली.

गार्डचे जवान पडलेली दुकानं लुटत होते. आलेलं सामान अडकत होतं, विकलं जात होतं. प्वेर्तो रिकोचा बेसबॉलपटू रोबेर्तो क्लेमेंते यानं मदत गोळा करून पाठवली होती. ती लोकांपर्यंत पोचत नाही असं कानावर आल्यावर, आपण सोबत गेलो तर कुणी हात लावणार नाही, म्हणून तो स्वतः विमानात बसला. ३१ डिसेंबरच्या रात्री ते विमान सान हुआनजवळ समुद्रात कोसळलं. तो गेला.

हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही. किल्लारीला ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंप झाला, तेव्हा मी शाखा अभियंता होतो. आठवड्याभरात मला तिकडे धाडलं. एका आजींना ताडपत्री मिळाली होती. पाऊस पडत होता तरी त्या ती अंगावर घेईनात. कुणी नेईल म्हणून घडी घालून उशाशी धरून बसायच्या. ज्याचं सगळं मातीखाली गेलंय, त्याच्यासाठी एका ताडपत्रीची काय किंमत असते ते मी डोळ्यांनी पाहिलंय. ती खाणाऱ्या माणसाला माझ्याकडे क्षमा नाही. त्याची विचारसरणी कुठली आणि कुठली महासत्ता त्याच्या पाठीशी होती, हे प्रश्न मग मला फार दुय्यम वाटतात.

पुनर्बांधणी सुरू झाली तेव्हा सिमेंटचा कारखाना सोमोझांचा. मोक्याच्या जमिनी आधीच सोमोझांनी आणि त्यांच्या मित्रांनी घेतलेल्या. रस्ते बांधले काँक्रीटच्या ठोकळ्यांचे, आपल्याकडे पेव्हर ब्लॉक म्हणतात तसे, आणि ते ठोकळेही सोमोझांच्याच कारखान्यातले. विमान कंपनी, जहाज कंपनी, मर्सिडीजची एजन्सी, साखर कारखाना हे सगळं घरात होतंच. पण आजवर बँका आणि बंदरांत घराण्याशी वाटा ठरवून जगणारे व्यापारीही आता बिथरले, कारण बांधकामात त्यांना वाटाच उरला नाही. माझं ठाम मत आहे की सोमोझांचं राज्य पडलं ते याच मलब्यात. बाकीची सात वर्षं ते फक्त कोसळत होतं.

"निदान विकास तरी झाला" असं म्हणणारे भेटतात. झाला. पन्नास-साठच्या दशकांत निकाराग्वात कापूस फोफावला, निर्यात वाढली. त्याच कापसासाठी लेऑन आणि चिनान्देगाच्या सुपीक पट्ट्यातून मका पिकवणारी छोटी कुटुंबं हुसकावली गेली आणि हंगामापुरती मजूर म्हणून परत आली. बेचाळीस-त्रेचाळीस वर्षांच्या हुकमतीनंतर निम्म्याच्या आसपास जनतेला अक्षरओळख नव्हती. हा विकास कुणाच्या खात्यावर जमा झाला?

मानाग्वात आणखी एक धंदा होता. गरिबांचं रक्त विकत घ्यायचं, त्यातला प्लाझ्मा काढून अमेरिकेला पाठवायचा. कंपनीत सोमोझाची भागीदारी होती. लोक त्या इमारतीला रक्तपिपासूंचं घर म्हणत. 'ला प्रेन्सा' या दैनिकाचे संपादक पेद्रो होआकिन चामोरो यांनी हे प्रकरण छापून उघड केलं. आधीही ते सोमोझांच्या तुरुंगात राहिले होते, छळ सोसला होता. १० जानेवारी १९७८ च्या सकाळी ते एकटेच गाडी चालवत कचेरीत निघाले. वाट जुन्या शहराच्या पडक्या भागातून जात होती. भूकंपाला पाच वर्षं उलटली तरी राजधानीच्या मध्यभागी ते भग्नावशेष तसेच होते. तिथेच त्यांना गाठून बंदुकीनं मारलं. लोक हजारोंनी रस्त्यावर आले आणि ती प्लाझ्माची इमारत त्यांनी जाळून टाकली.

पुढच्याच महिन्यात मासाया शहरातला मोनिंबो हा आदिवासी मोहल्ला उठला. मग एस्तेली, लेऑन, मातागाल्पा. गल्लीगल्लीत पोरांनी आणि बायांनी रस्ते उकरले आणि तेच पेव्हर ब्लॉक एकावर एक रचून छातीएवढ्या भिंती उभ्या केल्या. हे वाचताना मी पुस्तक मिटून ठेवलं. ज्या ठोकळ्यांचं बिल त्यानं वसूल केलं होतं, त्यांच्याच आडोशाला माणसं त्याच्या सैन्याशी लढली. ताचितोनं उत्तर विमानांतून दिलं. स्वतःच्याच शहरांवर बॉम्ब टाकले. त्याचा मुलगा, तिसरा अनास्तासिओ, गार्डच्या खास तुकडीचा प्रमुख होता. म्हणजे पुढची पिढी तयारच होती. २० जून १९७९ ला गार्डच्या एका जवानानं बिल स्ट्युअर्ट या अमेरिकी वार्ताहराला रस्त्यावर आडवं झोपवून गोळी घातली. ते चित्रीकरण अमेरिकेच्या घराघरांत दिसलं, आणि मग वॉशिंग्टनकडूनही त्याला आधार उरला नाही.

१७ जुलै १९७९ च्या पहाटे तो मायामीला पळाला. मागे राहिलं दीड अब्ज डॉलरहून मोठं परकीय कर्ज, जवळजवळ रिकामी तिजोरी आणि हजारो प्रेतं. अमेरिकेनं ठेवून घेतलं नाही, तेव्हा पाराग्वेच्या स्ट्रोएसनर या दुसऱ्या हुकूमशहानं आसरा दिला. १७ सप्टेंबर १९८० ला आसुन्सिओनच्या रस्त्यावर अर्जेंटिनाच्या गनिमांनी त्याच्या मर्सिडीजवर रॉकेट डागलं. त्याच्या अशा मरणाचा मला आनंद होत नाही. खटला व्हायला हवा होता. सिमेंटची, जमिनींची, ताडपत्र्यांची एकेक पावती भर न्यायालयात वाचली जायला हवी होती.

माझं खरं दुःख मात्र पुढे आहे. सोमोझांना उलथवणाऱ्या, सांदिनोच्या नावानं लढलेल्या सांदिनिस्ता बंडखोरांचा एक नेता, ताचितोच्या तुरुंगात सात वर्षं काढलेला दानिएल ओर्तेगा, १९७४ च्या डिसेंबरात ओलिसांच्या बदल्यात सुटला होता. आज तो आणि त्याची बायको रोसारिओ मुरिय्यो मिळून राष्ट्राध्यक्षपदावर आहेत, मुलंही कारभारात आहेत. १९७८ मध्ये ज्या दोरा मारिया तेय्येझनं, बाविसाव्या वर्षी, सोमोझाचा राष्ट्रीय प्रासाद, म्हणजे संसदेची इमारत, ताब्यात घेणाऱ्या सांदिनिस्तांत पुढाकार घेतला, तिला २०२१ मध्ये ओर्तेगानं कोठडीत टाकलं, आणि पुढे तिचं नागरिकत्वही काढून घेतलं. चामोरोंची मुलगी क्रिस्तियाना निवडणुकीला उभी राहायला निघाली, तर तिलाही अटक केली. 'ला प्रेन्सा'ची इमारत जप्त झाली.

२०१८ मध्ये लोक पुन्हा रस्त्यावर आले. "ओर्तेगा आणि सोमोझा एकच" अशी घोषणा होती. तीनशेहून अधिक माणसं मारली गेली. मोनिंबोच्या लोकांनी पुन्हा रस्ते उकरले, पुन्हा ठोकळ्यांच्या भिंती रचल्या. ओर्तेगाचे पोलीस आणि तोंड बांधलेले बंदूकधारी त्या भिंती फोडून मोहल्ल्यात शिरले. तो दिवस १७ जुलैचा होता. सोमोझा पळाला म्हणून निकाराग्वात आनंदाचा दिवस मानतात, तोच.