"सगळ्या बुरशी यीस्टसारख्याच विभागतात" हे खरं नाही

बायोलॉजीच्या नोट्स म्हणून एक पोस्ट सध्या खूप फिरतेय, पोरं ती सेव्ह करून ठेवतायत. तिच्यात तीन गोष्टी ठासून सांगितल्यात: बुरशीत मायटोसिस, म्हणजे पेशी विभागताना गुणसूत्रांची वाटणी, होताना केंद्रकाचं आवरण कधीच फुटत नाही, दोन्ही पेशींना गुणसूत्रं नेहमी सारखीच मिळतात, आणि या सगळ्याचा पिकावरच्या रोगाशी काही संबंध नाही. तिन्ही चूक आहेत, आणि हे पाठ होतंय म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

आधी आवरणाचं बघू. हा समज आला कुठून ते कळतं, ब्रेडच्या यीस्टमध्ये आवरण खरंच शाबूत राहतं, स्पिंडल, म्हणजे गुणसूत्रं दोन बाजूंना ओढणारा बारीक तंतूंचा सांगाडा, आतल्या आतच तयार होतो. पण त्यावरून एकदम "सगळ्या बुरशी"? मक्यावर काणी आणणारी उस्टिलॅगो मेडिस घ्या. तीही कळी काढूनच वाढते, लांबट सिगारसारखी पेशी आणि एका टोकाला पुढे नवी पेशी होणारी बारीकशी कळी, मायक्रोस्कोपखाली वरवर बघितलं तर यीस्टच वाटेल. पण विभाजनाच्या वेळी हिच्या केंद्रकाचं टोक ताणलं जाऊन कळीत शिरतं, ओढायचं काम डायनिन नावाचं मोटर प्रोटीन करतं, मग टोकाशी आवरण उघडतं आणि गुणसूत्रं बाहेर खेचली जातात, रिकामं आवरण मातृपेशीतच पडून राहतं, उशी ओढून काढल्यावर अभ्रा हातात उरावा तसं. स्पिंडल पुढे कळीत बनतो आणि गुणसूत्रांचा एक संच परत मातृपेशीकडे येतो. हे २००५ मध्ये जिवंत पेशींत बघून प्रसिद्ध झालंय, म्हणजे काल-परवाची गोष्ट नाही.

सारख्या वाटणीचं म्हणाल तर बहुतेक वेळा होते सारखी, पण "नेहमी" नाही. गव्हाच्या पानांवर ठिपके आणणाऱ्या झायमोसेप्टोरिया ट्रिटिसी या बुरशीच्या, अभ्यासासाठी प्रमाण मानलेल्या स्ट्रेनमध्ये (वाणात) २१ गुणसूत्रं असतात, त्यातली ८ नसली तरी चालतात, आणि साध्या मायटोसिसमध्येसुद्धा ती अधूनमधून गळतात. पेशी मरत नाही, वाढत राहते.

आणि रोगाशी संबंध नाही हे तर मला सगळ्यात जास्त खटकलं. भातावर करपा आणणाऱ्या बुरशीचा बीजाणू पानावर रुजला की त्यातून निघालेल्या नळीत एक केंद्रक विभागतं, त्यातलं एक पिल्लू-केंद्रक टोकाच्या अप्रेसोरियममध्ये (पान भेदणाऱ्या फुगीर पेशीत) जातं, दुसरं माघारी बीजाणूत. हे विभाजन मध्येच अडवलं तर बुरशीला पान भेदून आत शिरता येत नाही. काणीच्या बुरशीत उलटं, दोन पेशींचं मीलन होऊन बनलेला धागा विभाजन थांबवूनच पानावर पुढे सरकतो आणि झाडात शिरल्यावर ते पुन्हा चालू करतो. मग रोगाशी संबंध नाही असं कसं म्हणायचं?

फवारणीतलं कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशकही विभाजनावरच काम करतं बरं का, ते बुरशीच्या बीटा-ट्युब्युलिन या प्रोटीनला चिकटतं, त्यापासून बनणारे स्पिंडलचे तंतू, म्हणजे मायक्रोट्युब्युल्स, नीट बनत नाहीत, स्पिंडल उभा राहत नाही आणि गुणसूत्रं वेगळी होत नाहीत. पण त्याच ट्युब्युलिनमधलं १९८ किंवा २०० नंबरचं एकच अमिनो आम्ल बदललं की औषध तिथे बसत नाही, बुरशी आरामात विभागत राहते आणि कितीही फवारलं तरी रोग हटत नाही.