काका, खोक्याचं मान्य, फ्रेमचं नाही

विमानात नेता येईल अशी, फ्रेम मधातून दोन तुकड्यांत सुटणारी मोठ्या चाकाची सायकल कशी निवडावी, या मागच्या लेखाखाली नागपुरातल्या महाल भागातल्या एका काकांनी माझी चांगलीच हजेरी घेतली. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: "चांगली फ्रेम मधातून कापायची आणि वर लाखभर मोजायचे, हे पैसेवाल्यांचे चोचले. एका खड्ड्यात जोड तुटला की कळेल. सरळ पुठ्ठ्याच्या खोक्यात टाका, नाहीतर छोट्या चाकाची घडीची घ्या. आणि अर्ध्या तासात पॅक होते हे तर साफ खोटं."

काका, नमस्कार. शेवटून सुरू करतो कारण तिथं तुम्ही बरोबर आहात. अर्धा तास हा रोजचा हात असलेल्याचा आकडा, मी तो व्हिडिओत पाहिला आणि लिहून मोकळा झालो. मी स्वतः पहिल्यांदा पॅक केली तेव्हा मे महिना होता, कूलरसमोर बसून पावणेतीन तास लागले, त्यातले वीस मिनिटं डाव्या पायडलशी कुस्ती, कारण डाव्या पायडलचे आटे उलटे असतात हे माहीत असूनही मी घाईत ते अजून घट्टच करत बसलो होतो.

पण फ्रेम कापली म्हणजे कमजोर झाली, हे काही मी ऐकणार नाही. लोकं जास्त करून दोन प्रकार वापरतात. एक एस अँड एस या कंपनीचा जोड, वरच्या दांडीत एक, खालच्या दांडीत एक. नळीच्या दोन्ही तोंडांना दाते असतात, ते एकमेकांत बसले की पिळाचा ताण दाते घेतात आणि वरचा जाड नट दोघांना ओढून धरतो. दुसरा रिची कंपनीचा ब्रेक-अवे, त्यात खाली बॉटम ब्रॅकेटजवळ (पायडलचा आस फिरतो तिथं) एक छोटा क्लॅम्प आणि वरचा जोड म्हणजे चक्क सीटपोस्ट, सीटखालची दांडी, दोन्ही भाग त्याच्यावरच आवळायचे. जोडाला आटे आहेत म्हणजे त्याला ग्रीस पाहिजे, धूळ गेली की करकर सुरू, आणि पॅकिंगमधून काढल्यावर पहिल्या पाच-दहा किलोमीटरनंतर थांबून पाना लावून बघायचा. माझ्या सायकलीला दोन वर्षं झाली, रामटेकचा रस्ता, काटोल रोडचे खड्डे, सगळं खाऊन झालं तिचं. हां, घरची ॲल्युमिनियमची सायकल नेऊन "याला जोड बसवून द्या" म्हणाल तर ते जमत नाही, नंतर बसवायचा तर स्टीलची, नाहीतर टायटॅनियमची फ्रेम पाहिजे. आणि हायड्रॉलिक ब्रेकवाली घेऊ नका, तेलाची नळी दरवेळी मधात सोडत बसता येत नाही, वायरच्या ब्रेकला स्क्रूने सुटणारे जोड मिळतात.

आता खरं दुखणं, जे तुम्ही लिहिलं नाही आणि माझ्या लेखातही दडवल्यासारखं झालं. ही सगळी खटपट ज्या मापासाठी आहे ते माप म्हणजे लांबी, रुंदी, उंची मिळून १५८ सेंटिमीटर, तेवढ्यात बसली की विमानवाले साधी बॅग धरतात, मोठ्या मापाचे जादा पैसे लावत नाहीत. म्हणून ती पेटी २६ बाय २६ बाय १० इंचांची असते, बेरीज ६२ इंच. त्यात ७०० सीचं, म्हणजे रोड सायकलचं नेहमीचं मोठं चाक सुखानं बसत नाही, रिम ६२२ मिलिमीटरचं, २८ मिलिमीटरचा टायर दोन्हीकडून धरला की ६७८, आणि पेटी ६६० ची, म्हणजे हवा पूर्ण काढून टायर दाबून कोंबायचा. २९ इंची एमटीबीवाल्यांना (माउंटन बाइक) तर टायर उतरवल्याशिवाय गती नाही, रिम तेच ६२२ पण जाड टायरनं चाक ७३० च्या वर जातं. जुनं २६ इंची चाक मात्र दोन इंची टायरसकट जेमतेम बसतं.

पण हे माप कामाचं परदेशी फ्लाइटला. तिथं बहुतेक ठिकाणी २३ किलोची बॅग चालते, सायकल सुटकेससारखी निघून जाते. देशात मात्र इकॉनॉमीत साधारण १५ किलो. माझी सायकल ११ किलो, कडक पेटी ७, झाले १८, अन् कपडे अजून कपाटातच! मऊ बॅग ४ किलोची घेतली तर काट्यावर बरोबर १५, पण मग पाने कुठं टाकू, केबिनमध्ये तर नेऊ देत नाहीत. म्हणजे देशातल्या देशात फिरायला ही फ्रेम घेणारा मापाचे पैसे वाचवून वजनाचे भरून राहिला. दिल्ली-मुंबईहून पुढे बाहेर जाणार असाल तर दोन्ही फ्लाइट एकाच तिकिटावर काढा, मग साधारणपणे बाहेरचंच वजन सोनेगावपासून, म्हणजे आपल्या नागपूरच्या विमानतळापासून धरतात. वेगळी तिकिटं काढून मी दोन हजार वाचवले होते, ते सोनेगावच्या काट्यावरच परत गेले.

तेव्हा वर्षातून एकदा, देशातच जायचं असेल तर तुमचा खोकाच बरा, बर्डीवर (सीताबर्डीच्या बाजारात) ओळखीच्या सायकलच्या दुकानात मागितला तर देतात. एका गावी उतरून दुसऱ्याच गावाहून परतणाऱ्यालाही खोकाच, कारण तो टाकून देता येतो, पेटी कोणाच्या घरी ठेवायची? पण खोक्याचं पुराण मी पण भोगलंय. तीन वर्षांआधी जुनी सायकल लेहला खोक्यात नेली, जवळपास दीड मीटरचा तो डाग ऑटोत मावेना, कॅबवाले बघूनच कॅन्सल करून राहिले, शेवटी मेव्हण्यानं छोटा हत्ती आणला. लेहला उघडतो तर डिरेलरचा हँगर वाकलेला, म्हणजे गिअर बदलणारा मागचा भाग फ्रेमला जिथं टांगतात ती पट्टी. चूक माझीच, डिरेलर खोलून आत बांधायला पाहिजे होता. हँगर जवळजवळ दर मॉडेलचा वेगळा, तो तिथं कुठं शोधणार, पान्यानं हळूहळू सरळ केला आणि ५,३५९ मीटरच्या खारदुंग लाला मधल्या चार गिअरवर चढलो. चढलो म्हणजे बऱ्याच ठिकाणी ढकलत.

छोट्या चाकाचं म्हणाल तर मी त्याला खेळणं म्हणत नाही, बाइक फ्रायडे कंपनीच्या २० इंची घडीच्या सायकलवर लोकं देश पालथे घालतात. पण मी सहा फूट एक, कच्च्या रस्त्यावर छोटं चाक प्रत्येक खड्ड्यात उतरतं, आणि ज्या सायकलवर रोज बसतो तीच तिकडे पाहिजे ही माझी खोड. बहीण जर्मनीत आहे, वर्षाला दोन चकरा होतात, म्हणून मला परवडलं, आणि सायकलही पुण्याच्या एकाकडून जुनी घेतली, नवीची किंमत पाहून मी पण लॅपटॉप बंदच केला होता.

लेखातला अर्धा तास खोडून सव्वा तास केलाय. पायडल जाम असेल तर दोन धरा.