प्रतिक्रियेला उत्तर : सोलर, मुदत ठेव आणि माझा तिसरा किलोवॅट

सर (तुम्ही ‘एक निवृत्त शिक्षक’ अशी सही केली आहे, म्हणून सर म्हणतो),

छतावरच्या सोलरवर मी लिहिलेल्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला. दुसऱ्यांदा वही घेऊन बसलो.

तुमचं म्हणणं थोडक्यात असं : ‘पावणेचार वर्षांत पैसे वसूल’ हा हिशेब विक्रेत्याचा आहे, घरमालकाचा नाही. त्यात व्याज नाही, दुरुस्ती नाही. तेच पैसे बँकेत ठेवले तर मुद्दल तरी शाबूत राहतं. शिवाय पॅनेल स्वस्त होत चालली आहेत, मग घाई कसली? आणि तुमच्या इन्व्हर्टरच्या बॅटऱ्यांनी दर चार वर्षांनी खिसा कापला, तो अनुभव वेगळाच.

बॅटऱ्यांचं आधी उरकतो. माझी सिस्टीम ऑनग्रिड आहे, म्हणजे थेट वीज कंपनीच्या तारांना जोडलेली, तिला बॅटरीच नाही. पण त्यातूनच एक गोष्ट निघते, जी मी लेखात लिहायला हवी होती आणि लिहिली नाही. लाईट गेली की माझं सोलरही बंद पडतं, भर दुपारी, लख्ख उन्हात. खांबावर काम करणाऱ्या वायरमनला आमच्या छतावरून उलटा करंट जाऊ नये म्हणून ती सोय मुद्दाम केलेली असते. आमच्या गल्लीतल्या एकानं माझं बघून बसवलं आणि पहिल्याच भारनियमनात मला फोन केला. त्याला काय उत्तर द्यावं ते मला सुचेना.

आता पैसे. ऑक्टोबर २०२४ मध्ये ३ किलोवॅटला १,८५,००० रुपये लागले. पीएम सूर्यघर योजनेचं अनुदान ७८,००० आलं, म्हणजे पदरचे १,०७,०००. आमचा वापर महिन्याला सरासरी २३० युनिट. बिलात वर्षाला साधारण २८,००० वाचतात. भागाकार केला की पावणेचार वर्षं येतात. तेच मी छापलं.

त्यात काय सुटलं? पॅनेल पंचवीस वर्षं चालतील, पण सोलरचा इन्व्हर्टर (पॅनेलची वीज घरात वापरता येईल अशी करणारा डबा, तुमच्या बॅटरीवाल्याहून वेगळा) दहाएक वर्षांत बदलावा लागणार. त्याला ३५,००० धरा, म्हणजे वर्षाला साडेतीन हजार. आमच्या भागात साखर कारखान्याचा गळीत हंगाम सुरू झाला की छतावर काळी राख पडते. पंधरा दिवस धुतलं नाही तर ॲपमधला आकडा घसरलेला दिसतो. धुणंही सकाळी लवकर, कारण दुपारी तापलेल्या काचेवर गार पाणी ओतायची सोय नाही. त्या माणसाचे वर्षाला दोनेक हजार. हे सगळं घातलं की पावणेचारचे पावणेपाच होतात. इथे तुम्ही बरोबर, मी चूक.

मुदत ठेवीचं मात्र तसं नाही. १,०७,००० वर ७ टक्क्यांनी वर्षाला साडेसात हजार येतात, त्यावर करही. मुद्दल राहतं हे खरं, आणि पॅनेलचं शेवटी भंगार होतं हेही खरं. म्हणून वीस वर्षांची बचत ७ टक्के व्याजानं आजच्या मोलात आणली. पॅनेलची दरवर्षीची अर्धा टक्का घट, इन्व्हर्टर, धुलाई सगळं वजा केलं, विजेचा दर एक पैसाही वाढणार नाही असं धरलं. तरी घातलेल्या १,०७,००० च्या बदल्यात अडीच लाखांच्या आसपास येतात.

पण हा हिशेब मांडताना जे सापडलं, ते तुमच्याही प्रतिक्रियेत नव्हतं. पहिल्या शंभर युनिटांचा दर आणि त्यापुढच्या दोनशेंचा दर यांत जवळजवळ दुपटीचा फरक आहे. सोलर आधी वरची महाग युनिटं खातं. माझ्या पहिल्या दोन किलोवॅटनी ती संपवली, खालच्या स्वस्तातलीही बरीचशी. पदरचे ७५,००० घालून वर्षाला २४,००० वाचले. तिसऱ्या किलोवॅटला खायला उरली थोडी स्वस्त युनिटं, बाकीची वीज कंपनीकडे जाणारी शिल्लक, जिचे वर्षाअखेर किरकोळ पैसे मिळतात. त्यातच अनुदान पहिल्या दोन किलोवॅटला तीस-तीस हजार आणि तिसऱ्याला फक्त अठरा. म्हणजे ३२,००० घालून वर्षाला जेमतेम चार हजार. तो पैसा खरंच बँकेत ठेवला असता तरी फारसं बिघडलं नसतं. ‘घेताय तर पुरतं घ्या, अनुदान सोडू नका,’ असं बसवणारा म्हणाला आणि मी मान डोलावली. सगळ्याची सरासरी काढल्यामुळे ही चूक पावणेचार वर्षांत छान लपली होती.

थांबण्याबद्दल. माझं एक वर्ष थांबणं म्हणजे २८,००० रुपयांचं बिल भरणं. तेवढं भरून निघायला सिस्टीम वर्षात १५ टक्क्यांनी उतरायला हवी, आणि लोखंडी सांगाडा, केबल, मजुरी काही पॅनेलसारखी उतरत नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये सोलरवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला तेव्हा मी हळहळलो होतो. थांबलो असतो तर आठएक हजार वाचले असते. तोवर अकरा महिन्यांत पंचवीस हजारांचं बिल वाचलं होतं.

राहिलं तुमचं घर. बिल सहाशे-सातशे येतं असं तुम्ही लिहिलंय, म्हणजे सगळा वापर शंभर युनिटांच्या आतला. एक किलोवॅट बसवलात तर अनुदान वजा जाता पस्तीसएक हजार घालाल आणि महिन्याला पाचशेच्या आसपास वाचवाल, कारण स्थिर आकार काही सुटत नाही. त्यातून धुलाई आणि पुढचा इन्व्हर्टर काढा. तुम्ही ठेव मोडली नाहीत ते ठीकच केलंत. मुलगा-सून कायमचे राहायला आले आणि एसी लागला, तर त्या उन्हाळ्याची बिलं मला पाठवा, पुन्हा वही काढू.

मूळ लेखात पावणेचार खोडून पावणेपाच केलंय, आणि लाईट गेल्यावर काय होतं ते पहिल्याच परिच्छेदात घातलंय. गल्लीतल्या त्या गृहस्थांनाही लिंक पाठवली. त्यांनी अजून उघडलेली दिसत नाही.