चौथ्यांदा नापास

चौथ्यांदा ड्रायव्हिंग टेस्टमध्ये नापास झाले. पहिल्या दोन वेळा घरात कुणाला सांगितलंही नव्हतं. या वेळी सांगितलं, आणि लगेच ऐकून घ्यावं लागलं, "जाऊ दे गं, सगळ्यांनाच जमतं असं नाही." माया असते त्यात, मला कळतं. पण हे वाक्य कुणालाही म्हणू नका. चार वेळांत माझी चूक तीन वेगवेगळ्या ठिकाणी होती. 'जमत नाही' या दोन शब्दांत ती कुठली होती तेच पुसून जातं.

पहिल्या दोन वेळा चढावर गाडी बंद पडली. एरवी सरावात तोच चढ मी बोलत बोलत चढवते. परीक्षक शेजारी बसले की डावा पाय क्लचवर थरथरायला लागतो. भीतीने अंगात अ‍ॅड्रेनॅलिन वाढतं, स्नायू थरथरतात, क्लच अर्धा सोडल्यावर गाडी ओढायला लागते तो हाफ क्लचचा एवढासा बिंदू हाती लागत नाही. त्यात मी सारखं पायाकडेच लक्ष द्यायचे, आणि जे पाय न सांगता करतो तेच बिघडायचं. यर्क्स आणि डॉडसन या मानसशास्त्रज्ञांनी १९०८ मध्येच उंदरांवरच्या प्रयोगात पाहिलं होतं की काम अवघड असेल तर जास्तीचा ताण शिकणं बिघडवतो. तेव्हा "टेन्शन घेऊ नकोस" म्हणून भागत नाही. टेन्शन असतानाचा सराव करावा लागतो. मी एका मैत्रिणीला वही-पेन घेऊन शेजारी बसवलं. अर्धा तास एक शब्द बोलायचा नाही, फक्त लिहायचं. पहिल्या दिवशी चारदा गाडी बंद पडली. आठवड्याने एकदाही नाही.

तिसऱ्या वेळचं मात्र मनाला लागलं, कारण तो निकाल बरोबर होता. लेन बदलताना मी आरसा पाहिला, इंडिकेटर दिला, मान वळवली नाही. ताशी ५० किलोमीटरला गाडी एका सेकंदात जवळपास १४ मीटर पुढे जाते. आरशात न दिसणाऱ्या जागेत कुणी दुचाकीवर असतं तर? त्या रात्री मी रडले, पण मला पास करायला हवं होतं असं आजही वाटत नाही. तेव्हापासून गाडीत मोठ्याने बोलते: आरसा, इंडिकेटर, मान. सवय लागलीय.

आता चौथी. रिव्हर्स घेताना मागचं चाक रेषेवर गेलं. घाई केली, बस्स. गाडीतून उतरल्या उतरल्या फोनमध्ये लिहून ठेवलं, कारण संध्याकाळपर्यंत फक्त लाज आठवते, चूक आठवत नाही.

तुमच्या घरात कुणी असंच परत आलं असेल, तर "कुठे चुकलं?" एवढंच विचारा, आणि शेजारच्या सीटवर गप्प बसायला वेळ द्या. माझी मैत्रीण रविवारी पुन्हा येतेय, वही घेऊन. या वेळी फक्त रिव्हर्स.