लसूण-हळदीनं मानमोडी थांबत नाही

कळमेश्वर, हिंगणा, उमरेडकडच्या ब्रॉयलर कोंबड्या पाळणाऱ्यांच्या व्हॉट्सअॅपवर एक मजकूर फिरतोय: 'लसूण, हळद, कडुनिंबाचा काढा पाण्यातून द्या. अँटिबायोटिक नको, लस नको, मरतुक शून्य. युरोपनं 2006 पासून हेच केलं.' खाद्यातली रोजची अँटिबायोटिकं बंद व्हावीत असं मला मनापासून वाटतं. म्हणूनच या मजकुराचा राग येतो.

आधी 'लस नको'चं बघू. मानमोडी आणि गंबोरो हे कोंबड्यांचे विषाणूचे रोग. त्यांच्यावर अँटिबायोटिकही चालत नाही, काढा काय चालणार? उलट काढ्यानं घात होऊ शकतो. गंबोरोची लस जिवंत विषाणूची असते, ती पाण्यातून देतात. त्या पाण्यात क्लोरीन किंवा आम्ल राहिलं तरी लस वाया जाते. म्हणून त्या दिवशी पाणी साधंच हवं, त्यात थोडी दूध पावडर. आणि मे महिन्यात दुपारी पत्र्यावरच्या काळ्या टाकीला हात लावून बघा, चटका बसतो. तसल्या गरम पाण्यात लस टिकत नाही. लस पहाटेच द्यायची, ताज्या पाण्यात, दोन तासांत पक्षी पिऊन संपवतील एवढ्याच.

युरोपचं अर्धंच सांगितलंय. 1 जानेवारी 2006 पासून तिथं बंद झालं ते वाढीसाठी खाद्यातून रोज थोडं थोडं दिलं जाणारं अँटिबायोटिक. आजारी कळपाला पशुवैद्याच्या चिठ्ठीवर औषध आजही मिळतं. रक्ती हगवणीवरची मोनेन्सिनसारखी औषधंही चालू राहिली. आपल्याकडेही 2019 मध्ये कोंबड्या-जनावरांना कोलिस्टिन हे अँटिबायोटिक द्यायला बंदी आली, कारण माणसांच्या गंभीर आजारात हाताशी उरणारं ते शेवटच्या काही औषधांपैकी एक आहे.

मग नैसर्गिक पूरकं कुचकामी का? अजिबात नाही. ओव्यातलं थायमॉल जिवाणूचं आवरण फोडतं. ब्युटिरिक आम्ल आतड्याच्या अस्तराला पोसतं. बॅसिलस या उपयोगी जिवाणूचे बीजाणू खाद्याच्या गोळ्या (पेलेट) बनवतानाची उष्णता सोसतात. दह्यातले जिवाणू ती सोसत नाहीत. पण तयार पूरकाची मात्रा मोजलेली असते. घरच्या काढ्यात आज किती उतरलं, उद्या किती, कोण सांगणार? त्यात कडुनिंब कडू, पक्ष्यांनी पाणीच कमी पिलं तर नागपूरच्या 45 अंशांत मरतुक वाढेल, शून्य कुठली!

शिवाय ही पूरकं निरोगी आतडं सांभाळतात, पक्ष्यांखालची तुसाची ओली गादी वाळवत नाहीत. शेडमध्ये पक्ष्याच्या उंचीवर वाकून श्वास घ्या. डोळे चुरचुरले तर तो अमोनिया. तूस मुठीत दाबा. गोळा तसाच राहिला तर गादी ओली आहे. तिथं रक्ती हगवणीचा धोका वाढतो, आणि तीवर लसूण उतारा नाही. पाणी पिण्याचं निपल गळतंय का बघा, गादी उलथा, हवा खेळायला शेडचे पडदे उघडा.

तरीही पक्षी मरत असतील तर काढा उकळत बसू नका. नागपुरात सेमिनरी हिल्सला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. ताजे मेलेले दोन पक्षी पिशवीत घेऊन त्याच दिवशी तिथं जा आणि शवविच्छेदन करून घ्या.