रॅपरच व्हायचं असेल तर

रॅपर व्हायचं ठरवलंस? बरं केलंस. आता आपण गोव्यातल्या डिचोलीचे, हे आधी विसर. मी 'हूड'मधून आलोय म्हणायचं. मावशीनं अर्थ विचारला तर 'वाडा' म्हणून सांगू नको, तिला वाटेल वाड्यावर काही भानगड झाली.

शिव्या सढळ हातानं घाल. कुणी नाक मुरडलं तर शिमगा दाखव: होळीपुढे आपले म्हातारेसुद्धा काय कमी बोंबलत होते? त्या शिव्यांना तिथी होती, धुळवडीच्या आंघोळीत तोंडही धुतलं जायचं आणि पुढे वर्षभर आजोबा 'गाढवा'पलीकडे जात नसत, एवढं मात्र गाळ. तुझा शिमगा बारमाही. एकच शिवी दर ओळीला आली की ती कुणाला लागत नाही, नुसती ठेक्याला भर होते. (चांगली शिवी अशी वाया गेलेली मला तरी बघवत नाही.)

बाईवरची ओळ इंग्रजीत टाक. मराठीत टाकलीस तर बहिणीला कळेल.

इतिहासाच्या वाटेला जाऊ नको. १९७३च्या ऑगस्टात न्यूयॉर्कच्या ब्रॉंक्समध्ये डीजे कूल हर्कनं जिथून हे सगळं सुरू केलं म्हणतात, ती पार्टी बहिणीच्या शाळेच्या कपड्यांना पैसे जमावेत म्हणून होती. असलं काही कळलं की गुर्मी उतरते. केंड्रिक लमार या अमेरिकन रॅपरपासूनही लांब राहा. २०१८ साली त्याला पुलित्झर मिळालं. शिव्या त्याच्याही तोंडात आहेत, पण त्याच्या गाण्यात त्याचं गाव कॉम्प्टन येतं, तिथली माणसं येतात. तो नाद लागला तर तुलाही गावाबद्दल लिहावं लागेल. २०१२ला गोव्यातल्या लोहखनिजाच्या खाणी थांबल्या, बाबांचा खनिज वाहणारा टिप्पर अंगणात उभा राहिला, बँकेचा हप्ता थांबला नाही. याला यमक कुठून आणणार?

त्यापेक्षा गाडीवर लिही. व्हिडिओपुरती लाल गाडी कळंगुटला दिवसाच्या भाड्यानं मिळते. भाड्याच्या गाडीची काळी नंबरप्लेट तेवढी झाक, ती गोव्यात शेंबडं पोरही ओळखतं. आणि शूटिंग अंगणात नको. टिप्पर चौकटीत येतो, आणि त्याच्या सावलीत संध्याकाळी बाबा बसलेले असतात.